सातबारावरचा कंस आणि डेटाबेसमधला काळ

सातबाराच्या उताऱ्यावर एखादे नाव कंसात टाकलेले आपण सर्वांनी पाहिलेले आहे. खातेदार वारला, जमीन विकली गेली किंवा भावाभावांत वाटणी झाली, तर तलाठी जुने नाव पुसून टाकीत नसे. ते कंसात घालून त्याखाली नवे नाव लिहीत असे आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक नोंदवीत असे. त्या क्रमांकाचा माग काढीत गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की बदल कोणत्या कारणाने झाला, वर्दी कधी आली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद कधी प्रमाणित केली, हे सारे तेथे सापडे. कंस हे चिन्ह लहान आहे, परंतु त्याचा अर्थ मोठा आहे: हे एके काळी खरे होते, आज नाही.

संगणकातील माहितीच्या तक्त्यांना हा कंस दीर्घकाळ ठाऊक नव्हता. तो त्यांना कसा शिकवावा लागला आणि आपल्यासारख्या समाजाला त्याचे महत्त्व इतरांहून अधिक का आहे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. विषय तांत्रिक आहे खरा. पण ज्यांनी एकदा तरी जातीच्या दाखल्यासाठी जुन्या दप्तरांचा शोध घेतला आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

आज बँका, पतसंस्था, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांतील बहुतेक माहिती ज्या पद्धतीने साठविली जाते, तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. आयबीएम या कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली. कल्पना सुटसुटीत आहे. सारी माहिती तक्त्यांत ठेवावी. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. ‘गट क्रमांक ११२ चा खातेदार अमुक’ अशी ओळ असेल तर ते विधान खरे समजावे. ओळ नसेल तर खोटे. ही मांडणी इतकी भक्कम ठरली की अर्धशतक उलटून गेल्यावरही तिचे राज्य चालू आहे.

या विधानात एक शब्द मात्र न लिहिता गृहीत धरलेला असतो, आणि तो शब्द म्हणजे ‘आज’. खातेदार बदलला की संगणकाला ‘अपडेट’ अशी आज्ञा द्यावयाची. तो जुने नाव काढून त्या जागी नवे नाव बसवितो. काम क्षणात होते, तक्ता स्वच्छ दिसतो, परंतु कंस उरत नाही. पाच वर्षांपूर्वी तेथे काय लिहिले होते, असे विचारले तर त्या तक्त्याजवळ उत्तर नसते.

एरवी याने फारसे बिघडत नाही. किराणा दुकानातील साखरेचा शिल्लक साठा आज किती, एवढेच दुकानदाराला हवे असते. परंतु माणसाचे हक्क ‘आज’वर क्वचितच ठरतात, ते बहुधा एखाद्या तारखेवर ठरतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते ते पाहिले जाते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्या घरी कपाटभर कागदपत्रे आहेत त्यांना या तारखांचे भय नसते. ज्यांचे आजोबा सालगडी होते आणि ज्यांच्या नावाची नोंद शाळेच्या एखाद्या रजिस्टरात झाली असेल तर झाली असेल, त्यांची सारी भिस्त कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या आणि न पुसलेल्या एका ओळीवर असते.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १० ऑगस्ट १९५० रोजी जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता, आणि महाराष्ट्र राज्यही नव्हते. अंबड, जालना, भोकरदन हा मुलूख त्या दिवशी हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूर परभणी जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके धरून तालुक्यांची संख्या आठ झाली. गाव जागचे हलले नाही. त्याचा पत्ता मात्र एका पिढीत तीनदा बदलला.

आता एखाद्या कार्यालयाने गावांचा साधा तक्ता केला आणि त्यात ‘जिल्हा’ हा एकच रकाना ठेवला, तर १९५० च्या कागदावरील ‘जिल्हा औरंगाबाद’ आणि आजचा ‘जिल्हा जालना’ यांचा मेळ यंत्राला बसत नाही, आणि त्या यंत्रापुढे बसलेल्या कारकुनालाही. अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत येतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सरसकट बदल. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. जुने नाव दिसेल तेथे नवे घाला, अशी आज्ञा कोणी साऱ्या तक्त्याला दिली, तर १९५० चा नोंदीतही ते नाव दिसू लागेल, जे त्या काळच्या एकाही कागदावर असणे शक्य नाही.

उपाय वरवर सोपा दिसतो. प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने जोडावेत. अंबड तालुक्यातील एखाद्या गावासाठी एक ओळ औरंगाबादची, १ मे १९८१ पर्यंत; दुसरी ओळ जालन्याची, १ मे १९८१ पासून. येथे जाणकार एक संकेत पाळतात तो ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘पासून’चा दिवस धरावयाचा आणि ‘पर्यंत’चा दिवस सोडावयाचा. म्हणजे १ मे हा दिवस पहिल्या ओळीत मोजला जात नाही, दुसरीत मोजला जातो. दोन ओळींच्या मध्ये फटही राहत नाही आणि एकच दिवस दोन जिल्ह्यांतही पडत नाही. अद्याप चालू असलेल्या नोंदीला ‘पर्यंत’ म्हणून काय लिहावे, हा प्रश्न उरतो. पुष्कळ ठिकाणी तेथे ३१ डिसेंबर ९९९९ अशी तारीख घालतात. आठ हजार वर्षांनंतरच्या प्रोग्रामरांनी काय ते पाहून घ्यावे, असा त्यामागील उदार विचार असावा.

परंतु दोन रकान्यांनी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण काळ एक नसून दोन आहेत. समजा, एक शेतकरी फेब्रुवारी २००९ मध्ये वारला. मुले पुण्याला कामाला. वारसनोंदीची वर्दी देण्यास कोणी गेले नाही. (महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ती तीन महिन्यांत द्यावयाची असते; आपल्याकडे ती तीस वर्षांनीही दिली जाते.) अखेर जून २०१५ मध्ये वर्दी दिली गेली. फेरफार नोंदवहीत नोंद झाली, नोटिसा निघाल्या, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवण्यात आले, आणि जुलैमध्ये नोंद प्रमाणित झाली. आता विचारा: १ जानेवारी २०१२ रोजी ही जमीन कोणाची होती? वारसा मृत्यूच्या क्षणीच उघडतो, म्हणून उत्तर ‘वारसांची’. पण त्याच दिवशी सातबारा काय सांगत होता? तो मृत शेतकऱ्याचेच नाव सांगत होता. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पहिले वस्तुस्थितीच्या काळाचे, दुसरे नोंदीच्या काळाचे.

या दोहोंची गल्लत झाली तर काय होते, हे भूसंपादनाच्या वेळी दिसते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. अशा कोणत्याही संपादनात मोबदल्याचे वाद बहुधा याच फटीत शिरतात: अधिसूचना निघाली त्या दिवशी नाव कोणाचे होते, आणि हक्क कोणाचा होता. मृत माणसाच्या नावे नोटीस काढणारा अधिकारी त्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे चुकला नव्हता, हे सिद्ध करावयाचे असेल तर नोंदीचा काळ हवा. वारसांचा हिस्सा सिद्ध करावयाचा असेल तर वस्तुस्थितीचा काळ हवा. एकच काळ जपणारा तक्ता दोहोंपैकी एकाला तरी उघडे पाडतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याचे उदाहरण गायरानाचे. भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सत्याग्रह झाले, हे ज्येष्ठ वाचकांना सांगण्याची गरज नाही. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारी कुटुंबे त्यानंतरही राहिली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. १४ एप्रिल १९९० हा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की त्या दिवसापर्यंत त्या तुकड्यावर प्रत्यक्ष कोण कसत होते?

याचे उत्तर गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत शोधावयाचे. आणि येथे दोन्ही काळ एकमेकांसमोर उभे ठाकतात. ‘१९८५ पासून कसतो’ अशी नोंद १९८५ च्या पाहणीत झालेली असेल, तर तिचे वजन निराळे. तीच नोंद १९९५ मध्ये मागाहून केलेली असेल, तर निराळे. दोहोंतही वस्तुस्थितीचा काळ तोच आहे. फरक फक्त लिहिण्याच्या तारखेचा आहे. मागाहून लिहिलेली नोंद खोटीच असते असे मुळीच नाही. गरिबाची नोंद वेळेवर घेण्यास कोणी बांधावर गेलेच नाही, असे पुष्कळदा घडलेले आहे. परंतु ती केव्हा लिहिली गेली हे लपलेले असेल, तर खऱ्या आणि बनावट दोन्ही नोंदी सारख्याच दिसू लागतात, आणि संशयाचे नुकसान खऱ्यालाच सोसावे लागते.

संगणकशास्त्रात वस्तुस्थितीचा काळ आणि नोंदीचा काळ हा भेद १९८० च्या दशकात स्पष्टपणे मांडला गेला. पुढील दशकात अमेरिकेतील प्राध्यापक रिचर्ड स्नॉडग्रास यांच्या पुढाकाराने डेटाबेसच्या प्रचलित भाषेला, म्हणजे एसक्यूएलला, काळाची जोड देणारा टीएसक्यूएल-२ हा आराखडा तयार झाला. तो आंतरराष्ट्रीय मानकात यावा असा प्रयत्न झाला, पण ख्रिस डेट आणि ह्यू डार्वेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली. काळ हा तक्त्यातील इतर रकान्यांसारखा उघड रकाना असावा, तो पडद्याआड लपवू नये, असा त्यांचा आग्रह होता. माझे मत विचाराल तर या वादात टीकाकारांची बाजू अधिक सरळ होती. तलाठ्यानेही तारीख कधी लपवली नव्हती.

शेवटी २०११ च्या मानकात काळ आला. त्यातील तरतुदी समजावून सांगणारा २०१२ चा जो लेख आजही वाचला जातो, त्याच्या दोन लेखकांपैकी एक आहेत आयबीएमचे कृष्णा कुलकर्णी. गावचे दप्तर ज्या वतनदाराच्या स्वाधीन असे त्याच्या हुद्द्याचेच हे आडनाव, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

या मानकाने नेमके काय दिले? एक म्हणजे, नोंदीचा काळ यंत्रानेच सांभाळावा, अशी सोय. तक्त्याला ‘सिस्टिम व्हर्जनिंग’ लावले की प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी ओळ तिच्या वेळेसह बाजूला जपली जाते. ती वेळ वापरणाऱ्याला घालता येत नाही, यंत्र स्वतः घालते. म्हणून मागील तारखेने नोंद करण्याचा मार्गच नेहमीच्या वापरात बंद होतो. मग ‘अ‍ॅज ऑफ’ असे म्हणून एखादी तारीख दिली की त्या दिवशी तक्ता काय सांगत होता ते जसेच्या तसे पुढे येते. दुसरे म्हणजे, वस्तुस्थितीचा काळ, जो माणसाने सांगावयाचा असतो, तो ‘पीरिअड’ म्हणून जाहीर करता येतो आणि त्याचे नियम यंत्र पाळते. एकाच गटाच्या एकाच हिश्शाला एकाच काळात दोन परस्परविरोधी नोंदी होऊ नयेत, याला ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ म्हणतात. पूर्वी ही तपासणी प्रत्येक प्रोग्रामर आपापल्या मगदुराप्रमाणे लिहीत असे, आणि दोन कारकुनांनी एकाच क्षणी नोंद केली की ती हमखास चुके. तिसरी सोय ‘फॉर पोर्शन ऑफ’ची: एखादी ओळ १९७० ते १९९० अशी असेल आणि त्यातील १९७८ ते १९८० एवढ्याच काळाची माहिती दुरुस्त करावयाची असेल, तर यंत्र त्या ओळीचे आपोआप तीन तुकडे करते, अलीकडचा व पलीकडचा भाग अबाधित राहतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नोंदीच्या काळाची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली, मारियाडीबीमध्ये २०१८ मध्ये. पोस्टग्रेसची गोष्ट निराळी आणि थोडी गमतीची आहे. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी तो घडविला तेव्हा जुन्या ओळी जपून भूतकाळात डोकावण्याची सोय त्यात मुळातच होती. पुढे वेग आणि जागा यांच्या हिशेबात ती काढून टाकण्यात आली. २०२५ मध्ये निघालेल्या अठराव्या आवृत्तीत ‘विदाउट ओव्हरलॅप्स’चा नियम त्यात आला. म्हणजे आता वस्तुस्थितीचा काळ तो चांगला सांभाळतो, नोंदीचा काळ मात्र अजूनही आपल्यालाच योजना करून सांभाळावा लागतो.

या साऱ्याने खोटी नोंद खरी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. अर्जदाराने चुकीची माहिती दिली तर यंत्र ती चुकीची माहिती निष्ठेने, वेळेसह जपेल. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ ची भूमिकाही अशीच आहे: हक्कनोंदणीतील नोंद खरी मानावयाची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच.

जुन्या कागदांची आणखी एक अडचण आहे. निजामी अमदानीतील दप्तर उर्दूत आणि सन फसली. त्यात ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येते, आणि दोहोंपैकी कोणता आकडा मिळवावयाचा ते महिन्यावर अवलंबून. मराठवाड्यात ज्याला आधार मानतात ते खासरा पाहणी पत्रक १९५४-५५ चे. हाडोळ्याच्या जमिनींचा शोध घेणारे त्याच्यापाशीच येऊन पोहोचतात. या कागदांवर वर्ष असते, दिवस नसतो. डेटाबेसच्या रकान्याला मात्र पूर्ण तारीख लागते, म्हणून भरणारा माणूस १ जानेवारी घालून मोकळा होतो, आणि जे कोणालाच ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे दिसू लागते. हा रोग संगणकाने आणलेला नाही. आपल्यापैकी कित्येकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो कोणत्या गुरुजींच्या कृपेने, हे आपण जाणतोच. वर्षच ठाऊक असेल तर वर्षभराचा कालखंड लिहावा आणि शेऱ्यात ‘दिवस अज्ञात’ असे नमूद करावे.

नियमांनाही काळ असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश धर्माची अट घालणारा असल्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. त्यामुळे एखाद्या कुटुंबातील वडिलांचा १९७५ चा अर्ज अमान्य आणि मुलाचा १९९५ चा मान्य, असे आढळले तर त्यात विसंगती नाही. दोन्ही निर्णय आपापल्या दिवशीच्या नियमाने झालेले आहेत. निर्णयांचा तक्ता जपताना नियमांचा तक्ताही काळासह जपला नाही, तर तीस वर्षांनी तपासणाऱ्याला त्यांपैकी एक लबाड वाटेल.

आपल्यासारख्या निवासी शाळांशी याचा संबंध थेट आहे, कारण जनरल रजिस्टर हाच अनेक कुटुंबांचा पहिला लेखी पुरावा असतो. रजिस्टरातील दुरुस्तीची चांगली रीत जुन्या मुख्याध्यापकांना ठाऊक होती: जुने अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ, वर नवी नोंद, आणि शेऱ्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक. संस्थांनी रजिस्टर संगणकावर आणताना हीच रीत विकणाऱ्याकडून मागून घ्यावी. नाव दुरुस्त केल्यावर जुने नाव कोठे दिसते? ही दुरुस्ती कोणी व कधी केली, हे संगणक स्वतः लिहितो की माणसाला लिहावे लागते? २०१० मध्ये दिलेल्या दाखल्यावर त्या दिवशी जे होते ते आज पुन्हा जसेच्या तसे छापता येते काय? उत्तर गुळमुळीत आले तर खरेदी थांबवावी. मूळ रजिस्टर मात्र कोणत्याही परिस्थितीत रद्दीत जाऊ देऊ नये.

एक सावधगिरी तेवढीच आवश्यक. आपल्यापैकी अनेकांनी जुनी आडनावे आणि जुनी ओळख जाणीवपूर्वक टाकली आहे. इतिहास जपणारा डेटाबेस तो टाकलेला भागही जपतो. तो पुराव्यासाठी हवा, पण वर्गातील हजेरीपटावर किंवा ओळखपत्रावर तो उमटण्याचे कारण नाही. जपण्याचा अधिकार आणि पाहण्याचा अधिकार वेगवेगळ्या हातांत असावेत, आणि जुनी नोंद कोणी उघडून पाहिली याचीही नोंद व्हावी.

विद्यार्थ्यांना हे करून पाहावयाचे असेल तर पोस्टग्रेस विनामूल्य मिळतो. अंबड तालुक्यातील एका गावाचा तक्ता करावा. राज्य, जिल्हा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे रकाने ठेवावेत. आणि त्याला तीन तारखा विचाराव्यात. १० ऑगस्ट १९५० ला उत्तर यावे हैदराबाद राज्य, जिल्हा औरंगाबाद. २ मे १९८१ ला यावे महाराष्ट्र, जिल्हा जालना. मधली तारीख १४ ऑक्टोबर १९५६ द्यावी. पुष्कळांना वाटते की उत्तर मुंबई राज्य येईल. तक्ता बरोबर भरला असेल तर उत्तर येते हैदराबाद. राज्यपुनर्रचनेला त्या दिवशी अजून अठरा दिवस उरलेले होते.